दोन हजार सहाशे चाळीस तास

आधी एक खुलासा. खाली जिचा घटनाक्रम दिला आहे ती जिनिंग-प्रेसिंग कागदावरची आहे. खामगाव-नांदुरा रस्त्यावर शोधून ती सापडणार नाही, आणि कुणाला तिच्यात आपलं ऑफिस दिसलंच तर दोष त्या ऑफिसचा. तास मात्र खरे आहेत. डॉट कॉमने संपणारं नाव न्यू यॉर्कच्या बँकेचं असो की बुलडाणा जिल्ह्यातल्या कापूस कारखान्याचं, मुदत संपल्यावर त्याचं काय व्हायचं ते आयकॅन या संस्थेच्या नियमांनी बांधलेलं आहे. डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते, आणि गोडॅडीसारखे रजिस्ट्रार मधले अडते. आपण पैसे भरतो ते अडत्याकडे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून निघतो. डोमेन विकत मिळत नाही. बाजार समितीच्या गाळ्यासारखं ते भाड्याने मिळतं, कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. भाडं वर्षाला हजार-बाराशे रुपये. रक्कम इतकी किरकोळ की तिची नोंद ना टॅलीत नीट असते ना शेठच्या डोक्यात.

उरले 2,640 तास: 27 जुलै

वऱ्हाडातल्या जिनिंगचा हा बंद काळ. शेवटच्या गाठी मे महिन्यातच गेल्या, कपाशी शेतात गुडघ्याला लागलेली. कारखान्यावर एक वॉचमन आणि ऑफिसात आठवड्यातून दोनदा डोकावणारे अकाउंटंट. बरोबर याच दिवसांत पहिली सूचना निघते. 31 ऑगस्ट 2013 पासून लागू असलेल्या आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीआधी निदान दोनदा कळवायचं असतं: सुमारे महिनाभर आधी एकदा, सुमारे आठवडाभर आधी पुन्हा.

सूचना निघते, पण जाते कुठे? नाव घेतलं तेव्हा सगळा व्यवहार वेबसाईट करणाऱ्या पोराने केला होता. शेठने त्याच्या हातात रोख पैसे टेकवले आणि म्हणाले, "तूच पाह्य ना भाऊ ते." त्याने खातं स्वतःच्या नावाने उघडलं आणि दुसरा पत्ता म्हणून कंपनीचा 'इन्फो'वाला मेल टाकला. पोरगं पुढे पुण्याला नोकरीला लागलं, त्याचा तेव्हाचा मेल त्याच्याही लक्षात नाही. 'इन्फो'च्या खोक्यात चार हजार न वाचलेले मेल पडले आहेत. त्यांत 'तुमचं नाव चीनमध्ये दुसरी कंपनी नोंदवते आहे, ताबडतोब पैसे भरा' असं धमकावणारे बनावट मेल डझनावारी. खरी सूचनाही दिसायला त्यांच्यासारखीच: इंग्रजी, लाल अक्षरं, घाई. अकाउंटंट ती वाचतात आणि काढून टाकतात. असल्या मेलवर क्लिक करायचं नाही, हे त्यांना बँकेनेच शिकवलं आहे.

उरले 2,088 तास: 19 ऑगस्ट

दुसरी सूचना. तीच गत.

उरले 1,920 तास: 26 ऑगस्ट

मुदत संपली. काहीच होत नाही. वेबसाईट उघडते, मेल येतात-जातात.

पुष्कळ रजिस्ट्रार मुदत संपली की दोन-चार दिवसांत नाव बंद करून टाकतात. आपला रजिस्ट्रार ढिला आहे, आणि या प्रकरणात ढिलाई फार घातक. मुदतीनंतर जास्तीत जास्त 45 दिवसांची सवलत असते. या काळात बहुधा जुन्याच दरात नूतनीकरण होतं. पण याच काळात मूळ वहीत एक विचित्र नोंद होते. मुदत संपली की व्हेरिसाइनकडे नाव आपोआप एका वर्षाने पुढे सरकतं, आणि रजिस्ट्रारला ते 45 दिवसांच्या आत रद्द करून आपले पैसे परत घेता येतात. म्हणजे मूळ नोंद कुणी उघडून पाहिली तर मुदतीची तारीख पुढच्या वर्षीची दिसते. भाडं थकलेलं, आणि वहीत मात्र वर्षभराची पावती फाडलेली. पुढे हेच नडणार आहे.

उरले 1,800 तास: 31 ऑगस्ट

मुदतीनंतर पाच दिवसांच्या आत आणखी एक सूचना द्यावी लागते. ती दिली जाते. रजिस्ट्रारने नियमाचं बोट सोडलेलं नाही, हे आत्ताच नोंदवून ठेवू. उद्या भांडायला गेलं तर तो तिन्ही मेलच्या तारखा दाखवेल.

उरले 1,032 तास: 2 ऑक्टोबर

सवलतीच्या काळातले शेवटचे आठ दिवस तरी रजिस्ट्रारने नाव चालू ठेवायचं नाही, असा नियम आहे. हेतू चांगला: सूचना वाचल्या नसतील तर निदान वेबसाईट बंद पडलेली पाहून मालक जागा होईल. नियम करणाऱ्यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या. एक, मालक स्वतःची वेबसाईट कधीतरी उघडतो. दोन, ते आठ दिवस कामाचे असतात. आज गांधी जयंती, ऑफिसला सुटी.

दुसऱ्या दिवसाचा मात्र तासातासाचा हिशेब द्यायला हवा, कारण कंपनी वाचू शकत होती ती याच दिवशी.

सकाळी 9:40. ऑफिस उघडतं. हंगामाची तयारी सुरू आहे: जिनचे रोलर घासायला काढलेत, काट्याचं पासिंग करून घ्यायचंय. अकाउंटंट मेल उघडतात. कालपासून एकही नवा मेल नाही. सुटीचा परिणाम, असं त्यांच्या मनात येतं.

10:30. बँकेला मेल पाठवायचा आहे, जात नाही. "शेठजी, मेल जाऊनच नाही राहिले." शेठ नेटवाल्याला फोन लावतात. नेटवाला म्हणतो, लाईन चालू आहे. मोबाईलवर व्हिडिओ चालतोय, म्हणजे लाईन खरोखरच चालू आहे.

11:15. कोइमतूरच्या गिरणीच्या खरेदी विभागातून फोन. नव्या हंगामाच्या रुईच्या नमुन्यांबद्दल मेल पाठवला, मिळाला का? "मेलचं काहीतरी बिघडलंय साहेब, व्हॉट्सअ‍ॅप करा ना." पीडीएफ दोन मिनिटांत येते. काम झालं.

माझ्या मते सगळ्या घटनाक्रमातला निर्णायक क्षण हा आहे. पूर्वी मेल बंद पडला असता तर धंदा अडला असता, आणि धंदा अडला की शेठ चप्पल घालून निघतातच. आता व्हॉट्सअ‍ॅप आहे. मेलवर चालतात ती फक्त बँकेची, विम्याची, लांबच्या गिरण्यांच्या बिलांची कामं. म्हणजे रोज लागत नाहीत पण लाखांत मोजली जातात ती. त्यामुळे दुखणं दिसत नाही. पाठवणाऱ्यालाही लगेच कळत नाही. त्याचा मेल सर्व्हर पुढचे चार-पाच दिवस पुन्हापुन्हा खटपट करत राहतो, मग हात टेकून 'पोचला नाही' असं इंग्रजीत कळवतो. तोवर तो माणूसही तो मेल विसरलेला असतो.

12:40. लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखा चालतो, राउटर नाही. आता मेल का येत नाहीत याला सबळ कारण मिळालं.

2:20. लाईट येते. नेटवाल्याचा पोरगा येऊन राउटर बंद-चालू करतो, केबल बदलतो, दोनशे रुपये घेतो.

3:30. त्याच पोराला सुचतं म्हणून तो मोबाईलवर कंपनीची वेबसाईट उघडतो. कारखान्याच्या फोटोऐवजी इंग्रजी पान, त्यावर जाहिराती. मुदत संपलेल्या नावाचं पान रजिस्ट्रारने दाखवलंच तर त्यावर मुदत संपल्याचं आणि नूतनीकरण कसं करायचं ते ठळक लिहावं लागतं, असाही नियम आहे. लिहिलेलं आहे. पोरगं म्हणतं, "शेठ, वेबसाईट हॅक झाली वाटते."

4:10. वेबसाईट करून देणाऱ्याला फोन. नॉट रिचेबल. 

6:25. तो स्वतःहून फोन करतो, हिंजवडीहून घरी निघताना. भला मुलगा आहे. बसमध्ये उभ्याउभ्या मोबाईलवर नावाची नोंद शोधतो. मालकाचं नाव तिथे दिसत नाही. 2018 पासून युरोपातल्या गोपनीयता कायद्यामुळे ते झाकलेलंच असतं. तारीख मात्र दिसते. "शेठजी, रिन्यू झालेलं आहे. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टची तारीख दाखवते. होस्टिंगचा प्रॉब्लेम असेल. रविवारी पाहतो."

त्याच नोंदीत तारखेच्या खाली एक ओळ होती, नाव मुदतीनंतरच्या सवलतीत असल्याची. बसमध्ये ती कोण वाचणार?

7:00. ऑफिस बंद.

रविवारी तो पाहत नाही. सोमवारी शेठ विचारत नाहीत. अकाउंटंट एक जीमेल खातं उघडतात आणि ओळखीच्या पन्नास-साठ लोकांना कळवतात. तात्पुरती सोय झाली की कायमचं काम मागे पडतं.

इथे जरा थांबून एक जुनी हकीकत. 1999 च्या नाताळच्या आदल्या दिवशी हॉटमेल वापरणाऱ्यांना लॉग-इन करता येईना. चंडीगडच्या सबीर भाटियांनी जॅक स्मिथ यांच्याबरोबर 1996 मध्ये सुरू केलेली ही सेवा तोवर मायक्रोसॉफ्टकडे गेली होती, आणि लॉग-इन 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावावरून होत असे. त्या नावाचं नूतनीकरण करायला जगातली सर्वांत श्रीमंत कंपनी विसरली होती. रक्कम 35 डॉलर. टेनेसी राज्यातल्या मायकेल चेनी नावाच्या प्रोग्रामरला ही भानगड कळली. त्याने नाताळच्या दिवशी आपल्या क्रेडिट कार्डावरून 35 डॉलर भरले आणि दुसऱ्या दिवशी सेवा सुरळीत झाली. मायक्रोसॉफ्टने आभार मानले, चेक पाठवला. आणि 2003 मध्ये हॉटमेलचं ब्रिटनमधलं नाव असंच सोडून दिलं. जुलै 2017 मध्ये मार्केटो या कंपनीचीही हीच गत झाली, आणि तिथेही एका ग्राहकानेच पदरचे पैसे भरले. पुढच्या वर्षी अडोबीने ती कंपनी 4.75 अब्ज डॉलरला विकत घेतली.

या गोष्टी गंमत म्हणून सांगितल्या जातात. मला त्यांत दिसतो तो फरक असा: मायक्रोसॉफ्ट बंद पडली की जग ओरडतं आणि कुणीतरी परका धावून येतो. खामगावची जिनिंग बंद पडली तर कोण ओरडणार?

उरले 840 तास: 10 ऑक्टोबर

सवलत संपली. रजिस्ट्रारने नाव रद्द केलं. आता 30 दिवसांचा 'रिडेम्प्शन'चा काळ. नाव सोडवता येतं, पण फक्त जुन्या मालकाला, जुन्याच रजिस्ट्रारमार्फत, आणि मूळ भाड्याच्या कित्येक पट दंड भरून. तरीही ते काही हजारांचं काम आहे. कारखान्यात एका पाळीची लाईट गेली तर यापेक्षा जास्त बुडतात.

चलनी, छोटी, लक्षात राहणारी नावं इथवर येतही नाहीत. रजिस्ट्रार सवलतीच्या काळातच त्यांचा लिलाव पुकारतात. आपलं नाव गावाचं नाव आणि पुढे 'कॉटन' असं लांबलचक. ते कुणाला नको, असं वाटत होतं.

आता हंगाम. मुहूर्ताची खरेदी, दारात कापसाच्या गाड्या, ओलाव्यावरून शेतकऱ्याशी हुज्जत, रोज रात्री अकरापर्यंत काटा चालू. वऱ्हाडात कापसाचं काम ही जुनी चीज आहे. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा 1870 साली आला तो या कापसासाठीच. दिवाळीत ऑफिस चार दिवस बंद. भेटकार्डांवर, नव्या डायऱ्यांवर आणि बारदानाच्या ऑर्डरीवर जुनाच मेल पत्ता छापून येतो.

उरले 120 तास: 9 नोव्हेंबर

शेवटचे पाच दिवस. या अवस्थेला 'पेंडिंग डिलीट' म्हणतात. आता कुणालाच काही करता येत नाही. मालकाला नाही, रजिस्ट्रारला नाही.

उरले 96 तास: 10 नोव्हेंबर

आणि आजच शेठ जागे होतात! कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी बँकेने दोन मेल पाठवले होते, दोन्ही परत गेले. शाखाधिकारी फोनवर म्हणतात, "तुमचा डोमेन बंद दिसतोय, एकदा बघून घ्या." दुपारी शेठ स्वतः पुण्याला फोन लावतात, आवाज चढतो, पोरगं घाबरून जुनं खातं शोधून काढतं, पासवर्ड बदलतं, रजिस्ट्रारच्या मदत केंद्राशी बोलतं. पैसे किती लागतील ते लागू द्या, शेठ म्हणतात.

उत्तर येतं: कालपर्यंत घेतले असते.

शंभर दिवसांहून जास्त काळ जे काम हजारांत होत होतं, त्याला आता लाखही पुरत नाहीत. नाव मोकळं होईल त्या क्षणी पुन्हा मागायचं, एवढाच रस्ता उरला. पोरगं म्हणतं, मी चौदा तारखेला रात्री बसतो.

उरला 1 तास: 14 नोव्हेंबर, रात्र

डॉट कॉमची रद्द नावं रोज ठरलेल्या वेळी वहीतून खोडली जातात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा दुपार असते, आपल्याकडे मध्यरात्रीच्या आसपासची वेळ. पोरगं लॅपटॉप उघडून, कार्डाचा नंबर समोर ठेवून बसलंय. दर मिनिटाला नाव टाकून पाहतंय.

त्याच्यासमोर कोण आहे याची त्याला कल्पना नाही. सुटणारी नावं झेलणं हा स्वतंत्र धंदा आहे. प्रत्येक रजिस्ट्रारला मूळ वहीशी ठरावीकच जोडण्या मिळतात, म्हणून या धंद्यातल्या कंपन्यांनी शेकडो रजिस्ट्रार परवाने घेऊन ठेवलेत. त्यांची यंत्रं सेकंदात असंख्य वेळा विचारत असतात: सुटलं का, सुटलं का?

0

सुटलं आणि गेलं. पोराने बटण दाबलं तेव्हा पडद्यावर अक्षरं आली की हे नाव उपलब्ध नाही.

लांबलचक, कुणाला नको असलेलं नाव का घेतलं कुणी? कारण त्याला वय होतं. बारा-चौदा वर्षं चाललेलं नाव. कापसाच्या व्यापाराच्या दोन-तीन याद्यांत, गूगलच्या नकाशावर, गिरण्यांच्या पत्तावहीत त्याचे दुवे. जुगाराची जाहिरात करणाऱ्याला असंच जुनं, इभ्रतदार नाव लागतं. आपल्याकडच्या कितीतरी बंद शाळा-संस्थांच्या वेबसाईट आज रमीची जाहिरात करतात, त्या अशाच गेलेल्या.

शून्यानंतर 10 तास

नवा मालक दोन कामं करतो. एक, वेबसाईटला फुकट मिळणारं सुरक्षा प्रमाणपत्र लावतो. त्याला काही मिनिटं पुरतात, आणि पाहणाऱ्याला पत्ता 'सुरक्षित' दिसतो. दोन, त्या नावाच्या कुठल्याही पत्त्यावर आलेला मेल आपल्याकडे वळवतो. शेठचा, अकाउंटंटचा, 'इन्फो'चा, आणि वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मॅनेजरचाही.

यात हॅकिंग असं काहीच नाही. कुलूप तोडलेलं नाही, किल्ली चोरलेली नाही. टपाल बरोबर पत्त्यावरच येतंय, घरात माणूस दुसरा आहे.

हे कितपत खरं आहे ते तपासून पाहिलेलं आहे. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गाबोर सातमारी या सुरक्षा संशोधकाने सहकाऱ्यांसह वकिली फर्मनी सोडलेली जुनी नावं रीतसर घेतली. पक्षकारांचे गोपनीय मेल आपसूक येऊ लागले. 2024 मध्ये वॉचटॉवर या कंपनीच्या संशोधकांनी डॉट मोबी नावांची वही सांभाळणाऱ्या सर्व्हरचं सोडून दिलेलं जुनं नाव 20 डॉलरला घेतलं. काही दिवसांत 1,35,000 हून अधिक यंत्रांनी त्या पत्त्यावर विचारणा केली, त्यांत सरकारी आणि लष्करी मेल सर्व्हर होते. कुणालाही पत्ता बदलल्याचं कळलं नव्हतं.

शून्यानंतर 60 तास

जिथे-जिथे मेलवरून पासवर्ड बदलता येतो ती दारं एकेक उघडतात: फेसबुक पान, व्यापारी यादीतलं खातं, क्लाउडवर ठेवलेली बिलं. जिथे मोबाईलवरचा ओटीपीही लागतो ती खाती वाचतात. बिलांवरून नव्या मालकाला गिऱ्हाइकांची नावं कळतात, दर कळतो, शेठ मेलच्या शेवटी काय लिहितात तेही कळतं.

शून्यानंतर 200 तास

कोइमतूरच्या गिरणीला मेल जातो. जुनाच पत्ता, जुनीच भाषा, मागच्या हंगामाच्या बिलाचा संदर्भ बरोबर. मजकूर एवढाच की ऑडिटमुळे बँक खातं बदललं आहे, यापुढची रक्कम सोबतच्या खात्यावर आरटीजीएस करावी.

रक्कम किती असते ते मोजून पाहा. एक गाठ सुमारे 170 किलोची. शंभर गाठींचा एक ट्रक म्हणजे 17,000 किलो रुई. 356 किलोच्या खंडीला 55,000 रुपये भाव धरला तर सव्वीस लाखांच्या वर. एका ट्रकचे. 1 एप्रिल 2025 पासून बँकांनी आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायची आहे. गिरणीच्या कारकुनाने ते नाव वाचलं तर पैसे वाचतील. नाही वाचलं तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या नंबरवर किती लवकर फोन जातो, यावर सगळं.

शून्यानंतर 300 तास

वकील. आपल्याकडे कायदा नाही असं नाही. रेडिफच्या तक्रारीवर 'ई'च्या जागी 'ए' इतकाच फरक असलेलं 'रॅडिफ डॉट कॉम' वापरायला मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्येच मनाई केली होती. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं असं सांगितलं. आयकॅनची स्वतःची तक्रार व्यवस्थाही 1999 पासून आहे. पण तिथे नावावरचा आपला ट्रेडमार्कसारखा हक्क, समोरच्याचा हक्क नसणं आणि त्याची लबाडी, असं तिन्ही सिद्ध करावं लागतं. जिनीव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाची फी 1,500 डॉलर, वकिलाचे वेगळे. गावाच्या नावापुढे 'कॉटन' लावलेल्या कंपनीने ट्रेडमार्क कधी नोंदवलाच नव्हता. दोन-अडीच महिने तरी जातात, आणि तेवढ्यात अर्धा हंगाम उरकतो.

कागदावरच्या कंपनीचा घटनाक्रम इथे संपवतो, कारण खरी काळजी तिची नाहीच. तिचं नुकसान एका-दोन ट्रकांचं. काळजी आहे ती बँकांची.

रिझर्व्ह बँकेने 7 फेब्रुवारी 2025 ला जाहीर केलं की देशातल्या बँकांनी 'बँक डॉट इन' या राखीव शेपटाच्या नावावर यायचं. 22 एप्रिलच्या परिपत्रकात त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही शेवटची तारीख दिली. ही नावं हैदराबादची आयडीआरबीटी ही एकच संस्था देते, त्यामुळे ती कुणी भामट्याने झेलण्याचा प्रश्न नाही. निर्णय उत्तम आहे. पण प्रत्येक बँकेचं एक जुनं नाव मागे उरलं आहे, डॉट कॉम किंवा डॉट इन, पासबुकावर छापलेलं, शाखेच्या पाटीवर रंगवलेलं, खातेदारांच्या मोबाईलमध्ये साठवलेलं. नागरी सहकारी बँका देशात सर्वांत जास्त महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ आपल्याकडच्यासारख्या तालुक्याच्या गावी. पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांच्याकडे त्या जुन्या नावांची भाड्याची सूचना येईल. तेव्हा कुणीतरी म्हणेल, हे नाव आता आपण वापरत नाही, कशाला भरायचे हजार रुपये? आणि पतसंस्था तर बँक नसल्याने या राखीव नावाच्या बाहेरच. त्या अजून साध्या भाड्याच्या नावावरच आहेत.

तुम्ही एखाद्या बँकेचे किंवा पतसंस्थेचे सभासद असाल तर येत्या वार्षिक सभेत, लाभांशाचा विषय निघण्याआधी, एवढं विचारा: जुनं डोमेन कुणाच्या नावावर आहे, सूचना कुणाच्या मेलवर जाते आणि तो मेल त्याच डोमेनवरचा तर नाही ना? एकदम दहा वर्षांचं भाडं भरून टाका म्हणावं. दहा-बारा हजारांत होतं.